दारफूर किती लांब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला वाणिज्य शिकवायचे. त्यांचा एक दंडक होता. एक रुपया वर्गणी घेतली तरी पावती फाडायची, आणि पैसे कशासाठी घेतले ते पावतीवर शब्दांत लिहायचं. ‘मदतनिधी’ एवढंच लिहिलेलं चालायचं नाही. ‘कोणाला, काय, कोणामार्फत’ असं ते विचारायचे. म्हणून आजचा विषय वर्गणीचाच घेतला आहे.

निमित्त असं झालं. २०२५च्या नोव्हेंबरात दुसऱ्या वर्षाच्या तीन मुली माझ्या घरी आल्या. सुदानमधल्या दारफूर प्रांतातलं एल फाशर शहर २६ ऑक्टोबरला रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या हाती पडलं होतं. शहराला दीड वर्ष वेढा होता. माणसं मारतानाचे व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढून पसरवले होते, आणि ते या मुलींच्या मोबाइलवर पोचले होते. ‘सर, आम्हाला एल फाशरसाठी काहीतरी करायचंय,’ एकजण म्हणाली.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘अगं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मराठवाड्यात नुकता पूर येऊन गेलाय, आधी तिकडे बघा.’

‘तिकडे पाहिलं सर. पंधरा दिवस शिध्याची किट भरत होतो आम्ही.’

मी गप्प बसलो. आधी जवळचं बघा म्हणणारा माणूस जवळचंही फारसं काही करत नसतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. मी त्या पुरात एक चेक फाडला होता, एवढंच. मुलींना म्हटलं, मला आठवडा द्या. हे काम वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तुमच्याच वयाच्या मुलांनी फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं. त्यांचं काय झालं ते आधी बघू.

दारफूर म्हणजे फूर लोकांचं घर. ‘दार’ हा अरबी शब्द. आपल्या दाराशी त्याचा संबंध नाही, तरी मला तो नेहमी ऐकू येतो. पुण्यापासून पाच हजार किलोमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. १९१६ साली इंग्रजांनी जिंकेपर्यंत तिथे स्वतंत्र सुलतानशाही होती. नंतर खार्तुमनं या प्रांताकडे कधी धड पाहिलं नाही. फूर, मसालित ही शेती करणारी माणसं, आणि उंट-गुरं घेऊन फिरणाऱ्या अरब टोळ्या. आपल्याकडे धनगरांचा वाडा सुगीनंतर कोकणात उतरतो, शेतकरी शेतात मेंढरं बसवून घेतो, खताचं काम होतं आणि धनगराला धान्य मिळतं. तिथेही असंच चालायचं. पीक निघालं की गुरं धाटांवर चरायची. दुष्काळ वाढले, कुरणं आटली, वाटा शेतांनी अडवल्या, आणि ही सोयरीक तुटत गेली. २००३ साली दोन बंडखोर संघटनांनी सरकारवर हत्यार उचललं, तेव्हा सरकारनं अरब टोळ्यांमधल्या घोडे-उंटांवरच्या लढवय्यांना शस्त्रं दिली, वरून विमानं दिली आणि गावं जाळायला मोकळीक दिली. त्यांना लोक जंजावीद म्हणत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सुमारे तीन लाख माणसं गेली, पंचवीस लाखांहून अधिक बेघर झाली.

आता अमेरिकेतल्या मुलांकडे येतो.

२००४ हे रवांडातल्या नरसंहाराचं दहावं वर्ष. ‘पुन्हा असं होऊ देणार नाही’ अशी भाषणं जगभर चालली होती, आणि त्याच वेळी दारफूरमधून बातम्या येत होत्या. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी त्या वर्षी ‘स्टँड’ नावाचा गट काढला. बघता बघता शेकडो महाविद्यालयांत आणि शाळांत त्याच्या शाखा झाल्या. त्यांचा एक उपक्रम मला फार आवडतो. एक दिवस एखादी चैनीची गोष्ट सोडायची, कॉफी म्हणा, सिनेमा म्हणा, आणि तेवढे पैसे दारफूरसाठी द्यायचे. आपल्या अंताजीपंत काळ्यांच्या पैसा फंडाची आठवण होते. माणशी वर्षाला एक पैसा मागत काळे गावोगाव फिरले, आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. रक्कम लहान ठेवली की ‘नाही’ म्हणायला तोंड राहत नाही, हे काळ्यांना कळलं होतं, या पोरांनाही कळलं.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वॉर्थमोर नावाच्या छोट्या कॉलेजातल्या मुलांनी तर अजबच केलं. मार्क हॅनिस हा त्यांच्यातला एक. त्याचे चारही आजी-आजोबा हिटलरच्या नरसंहारातून वाचलेले. या मुलांचं म्हणणं होतं, ज्याच्या डोक्याशी बंदूक आहे त्याला ब्लँकेट देऊन काय उपयोग? त्याला राखणदार द्या. दारफूरमध्ये आफ्रिकी संघाची तुटपुंजी शांतिसेना होती, तिच्यासाठीच यांनी वर्गणी गोळा करायला घेतली. कॉलेजातली पोरं परक्या फौजेसाठी डबा फिरवतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा! सरांनी पावतीवर काय लिहायला लावलं असतं, असा मला प्रश्न पडतो. पुढे याच मंडळींनी अमेरिकी खासदारांची प्रगतिपुस्तकं काढली. दारफूरच्या प्रश्नावर कोणी काय मतदान केलं ते बघून चक्क ए, बी, सीपासून नापासपर्यंत श्रेणी. २००७ साली फुकट फोनची सोय केली, नंबर फिरवला की तुमच्या भागाच्या खासदाराच्या कचेरीत फोन लागायचा आणि काय बोलायचं तेही कानात सांगितलं जायचं. ३० एप्रिल २००६ला वॉशिंग्टनमध्ये हजारोंचा मेळावा झाला. जॉर्ज क्लूनी आला, एली वीझेल आले, तेव्हा सिनेटर असलेले ओबामा बोलले.

एवढं झाल्यावर दारफूर वाचलं का?

नाही वाचलं. पण ‘नाही’ म्हणून विषय मिटवणं हा आळस आहे. मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. या मुलांनी जी कामं केली त्यांतली काही लागू पडली, काही वाया गेली, आणि एक-दोन अंगाशी आली. कोणती लागू पडली ते पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते.

वाया गेलेलं आधी. फेसबुकवर दारफूर वाचवण्याचा एक मोठा गट होता. दहा लाखांवर सदस्य. समाजशास्त्रज्ञांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. जमलेला निधी सुमारे नव्वद हजार डॉलर. हजारातल्या जेमतेम दोन-तीन जणांनी पैसे दिलेले. बाकीच्यांनी नाव नोंदवलं आणि मन हलकं करून घेतलं. मी कोणाला हसत नाही. माझीही अशी बरीच नावं बऱ्याच ठिकाणी नोंदलेली आहेत.

अंगाशी आलेलं. सेव्ह दारफूर नावाची जी मोठी आघाडी उभी राहिली, तिच्याकडे कोट्यवधी डॉलर आले, पण ती रक्कम धान्यावर किंवा औषधांवर खर्च व्हायची नव्हतीच. ती जाहिरातींसाठी, सरकारवर दबाव आणण्यासाठी होती. आघाडीनं तसं लपवलं असं मी म्हणत नाही. पण देणाऱ्या किती आज्यांना वाटलं असेल की आपले वीस डॉलर छावणीतल्या पोराच्या ताटात पडले? दबाव आणणं हे काम वाईट नव्हे. पण त्याची वर्गणी वेगळी, भाकरीची वर्गणी वेगळी. २००७ साली या आघाडीनं विमानबंदीची मागणी करणाऱ्या पानपानभर जाहिराती दिल्या, तेव्हा छावण्यांत काम करणाऱ्या मदतसंस्थाच घाबरल्या, कारण त्यांची धान्याची विमानं त्याच आकाशातून उडत होती. मृतांचा आकडा चार लाख असा ठामपणे छापला, त्यावर ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं बोट ठेवलं की हा आकडा वादातला आहे, तो वस्तुस्थिती म्हणून मांडू नका. आणि ४ मार्च २००९ला आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयानं राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्यावर वॉरंट काढलं, तेव्हा बशीर यांनी तेरा परदेशी मदतसंस्थांना देशाबाहेर काढलं. वॉरंट चुकीचं होतं असं नाही. पण न्यायाचा खर्च छावणीतल्या माणसानं भरला, आणि घोषणा देणाऱ्याला त्याची झळ लागली नाही.

यावर सगळ्यात बोचरं लिहिलं ते महमूद ममदानी यांनी. हे जन्मानं मुंबईचे, वाढले कंपालात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. अलीकडे त्यांची ओळख न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेल्या जोहरान यांचे वडील अशी करून द्यावी लागते, त्याला इलाज नाही. त्यांचा सवाल असा की तुमचा देश त्याच काळात इराकमध्ये युद्ध करतोय, तिथल्या मृतांसाठी तुमच्या अंगणात एवढी गर्दी का नाही? दारफूर सोपं का वाटतं? तर तिथलं राजकारण समजून घ्यावं लागत नाही, तिथे फक्त दुष्ट आणि दीन असे दोनच रंग असतात. ममदानींचं सगळं मला पटत नाही. ‘नरसंहार’ या नावावरून वाद घालताना मारणाऱ्यांचे गुन्हे त्यांच्या हातून जरा धूसर होतात. पण अंगणाचा मुद्दा पक्का आहे.

आता लागू पडलेलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे देणग्यांचा मोठा साठा असतो, तो शेअरमध्ये गुंतवलेला असतो. विद्यार्थ्यांनी विचारलं, आमच्या विद्यापीठाचा पैसा कुठे आहे? सुदान सरकारला तेलाचा पैसा मिळवून देणाऱ्या कंपन्यांमध्ये निघाला. २००५च्या एप्रिलमध्ये हार्वर्डनं पेट्रोचायना या कंपनीतली गुंतवणूक काढून घेतली. मागोमाग स्टॅनफर्ड, येल. २००६च्या मार्चमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ. मग राज्यांचे पेन्शन फंड. २००७च्या ३१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याविषयीच्या कायद्यावर सही केली. यातली हुशारी बघा. सरसकट सगळ्या कंपन्या वाळीत टाकायच्या नाहीत. औषधं, शेती, शिक्षण यांत असलेल्यांना हात लावायचा नाही. सरकारची तिजोरी भरतात, लोकांच्या पदरात काही टाकत नाहीत आणि दारफूरबद्दल अवाक्षर काढत नाहीत, तेवढ्याच. त्यासाठी या विशी-बाविशीच्या मुलांनी ताळेबंद वाचले, भागधारकांच्या सभांचे नियम पाठ केले. आमच्या वाणिज्य शाखेला अभिमान वाटावा असं काम!

हे का साधलं? कारण इथे ती मुलं हजारो मैलांवरच्या छावणीशी बोलत नव्हती, स्वतःच्या कुलगुरूंशी बोलत होती. दाराशी जाऊन बसता येत होतं. उत्तर टाळलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येत होतं. दूरच्या संकटाचं एक टोक आपल्या अंगणात असतंच असतं. ते सापडलं की पोरांच्या हाताला बळ येतं, न सापडलं की नुसता गळा काढला जातो.

आता जरा अवघड जागेचं बोलतो. वाळीत टाकायच्या कंपन्यांच्या त्या मुलांच्या यादीत आपलं नाव होतं. सुदानच्या मोठ्या तेल प्रकल्पात कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा पंचवीस टक्के वाटा होता. दक्षिण सुदानमधल्या युद्धावरून तिच्यावर मायदेशी इतका दबाव आला की तिनं २००३ साली तो वाटा विकला. घेतला कोणी? आपल्या ओएनजीसीच्या परदेशी शाखेनं. त्याच वर्षी सुदानचं तेल मंगळूरच्या रिफायनरीत आलं, आणि आपल्या वर्तमानपत्रांत ती अभिमानाची बातमी होती. देशाला तेल लागतं, कोणीतरी घेणारच होतं, हे सगळं मला कळतं. ते तेल दारफूरच्या जमिनीतलं नव्हतं हेही खरं. पैसा मात्र त्याच तिजोरीत जात होता. २००४च्या मार्चमध्ये सरकारनं ओएनजीसीचे शेअर विक्रीला काढले तेव्हा अर्ज भरायला मीही रांगेत होतो. मिळालेही थोडे. चांगला लाभांश यायचा. तिकडे कॅलिफोर्नियातली पोरं ज्या शेअरांवरून आपल्या विद्यापीठाला जाब विचारत होती, ते माझ्या कपाटात होते, आणि मी अर्थशास्त्र शिकवत होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. दारफूर माझ्या वर्गातही बसलं होतं.

पुण्यात सुदानी विद्यार्थी कित्येक वर्षं येतात, हे इथल्या कोंढवा-कॅम्पातल्या घरमालकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या वर्षी बी.कॉम.ला एक मुलगा होता, दक्षिण दारफूरमधल्या न्यालाचा. गावाचं नाव सांगितलं की वर्गात कोणीतरी हमखास विचारायचं, ‘कुठे न्यायला?’ तोही हसायचा. मेसमध्ये बाजरीची भाकरी पाहून तो चकित झाला होता. त्याच्याकडे बाजरीला दुख्न म्हणतात, आणि तिचा घट्ट घाटा करतात, असीदा. वाळवलेल्या भेंडीची पूड घातलेल्या कालवणाबरोबर खातात. एकदा त्यानं तो करून आणला होता. मराठी त्याला मेसपुरतं यायचं. वाढपी आला की ताटावर आडवा हात धरून अस्सल पुणेरी ठसक्यात म्हणायचा, ‘बास.’

२००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली. मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघायचो. आम्ही पत्र्याचे डबे घेऊन निघालो, अलका टॉकीजच्या चौकापासून थेट डेक्कनपर्यंत. हा मुलगाही एक डबा घेऊन फिरला. संध्याकाळी स्टाफरूममध्ये चिल्लर मोजायला बसला, नाण्यांच्या चवडी लावत. मोजता मोजता मला म्हणाला, ‘सर, घरी फोन लागत नाही. दोन महिने झाले.’ आणि मी त्याला म्हटलं, ‘तिकडे नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम असेल.’

बातमी मी वाचलेली होती. आतल्या पानावर होती, पण वाचलेली होती. त्या दिवशी आम्ही त्सुनामीग्रस्त नागपट्टिणमसाठी पैसे मोजले, आणि समोरच्या मुलाला एक प्रश्न विचारला नाही.

इथे आणखी एक सांगायला हवं, नाहीतर दारफूर म्हणजे नुसती हात पसरलेली माणसं असा समज व्हायचा. १९८४-८५च्या दुष्काळात ॲलेक्स द वाल हा तरुण संशोधक तिथल्या गावांत हिंडला. धान्य गेलं नाही तर लाखो लोक उपासमारीनं मरतील, असं बाहेरचे तज्ज्ञ म्हणत होते. धान्य उशिरा आणि थोडंच गेलं. माणसं मेली, पण भाकितापेक्षा पुष्कळच कमी, आणि मेली त्यांतली बरीचशी भुकेपेक्षा घाण पाणी, गोवर, जुलाब यांनी. उरलेली जगली कशी? मुखैत नावाची रानटी कडू फळं कित्येक दिवस पाण्यात भिजवून, कडवटपणा काढून खाल्ली. आणि बियाण्याची बाजरी वाचवली. भुकेल्या पोरांनी ती खाऊ नये म्हणून आया त्यात वाळू मिसळून ठेवत. पुढच्या पावसाचा विचार ती बाई करत होती, आणि तिकडे परिषदांत तिला ‘लाभार्थी’ म्हटलं जात होतं.

आजही तेच आहे. १५ एप्रिल २०२३ला सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस यांच्यात युद्ध पेटलं. हे दल म्हणजे जंजावीदचाच नवा गणवेश. एक कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली. २०२४च्या ऑगस्टमध्ये एल फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. मोठ्या संस्था जिथे पोचत नाहीत तिथे मोहल्ल्यातल्या तरुण-तरुणींनी ‘आपत्कालीन कक्ष’ चालवले. यांतले पुष्कळजण २०१९ साली बशीर यांना खाली खेचणाऱ्या आंदोलनातले, कालपरवापर्यंतचे विद्यार्थीच. एका चुलीवर गल्लीचं जेवण शिजतं. त्याला तकाया म्हणतात. पैसे येतात परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून, मोबाइलच्या बँकेवर. हिशेब वहीत. २०२५ साली या कक्षांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि त्यांच्या कितीतरी चुली विझल्या.

आता पुन्हा जॉर्जटाउनच्या मुलांकडे. त्यांच्यापुढे जी अडचण होती ती अशी : विद्यार्थी चार वर्षांत पास होऊन जातो, संकट पास होत नाही. एल फाशर पडलं तेव्हा २००४ सालची मुलं चाळिशीला आली होती. शाखा कधीच्या विस्कटल्या होत्या, दारफूरसाठी मनगटावर बांधलेले हिरवे पट्टे ड्रॉवरमध्ये गेले होते. नवी मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. हा दोष नव्हे, विद्यार्थी असण्याचा तो स्वभावच आहे. पण मग चिकाटीचं काम कोणाचं? आमच्यासारखे पेन्शनर वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर असतात, ते कशाला आहेत?

हे सगळं त्या तीन मुलींना सांगितलं. त्यांतलं निम्मं त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी सुदानी विद्यार्थ्यांची गाठ घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की घरून पैसे यायचे बंद झालेली काही मुलं याच शहरात आहेत. कोणाची फी थकली, कोणाचं भाडं, कोणी दुपारचं जेवण सोडलेलं. परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे कागदपत्रांचं जंगल, आणि आयकराची सवलत वगैरे काही नाही. इथल्या मेसचं बिल मात्र आज भरता येतं. पावतीपुस्तक छापलं. पावतीवर त्यांनी लिहिलं : ‘सुदानी विद्यार्थ्यांच्या मेसचे बिल, जानेवारी ते मे.’ मला सर आठवले.

त्यांच्याच ओळखीतून मला न्यालाच्या त्या मुलाचा पत्ता लागला. तो आता कंपालात आहे. २०२३च्या ऑक्टोबरात न्याला पडलं, त्याच्या आधी थोडे दिवस तो निघाला होता. व्हिडिओ कॉलवर दाढी पांढरी दिसली. मी विचारलं, काय पाठवू? त्याला पैसे नको होते. घर जळलं त्यात पदवीचे कागद गेले होते. एका शाळेत हिशेबनिसाची नोकरी मिळत होती, त्यांना विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. तीन वर्षांचे गुण, शिक्क्यासह.

विद्यापीठाच्या खिडकीवर गेलो. विद्यार्थी स्वतः का आला नाही, असं विचारलं. युद्धामुळे म्हटलं. मग अधिकारपत्र आणा, ओळखपत्राची प्रत आणा, नावाचं स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे आहे का ते बघा. स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं होतं, अरबी नावांचं तसं होतं. दोन चकरा मी मारल्या, पुढच्या चार त्या तिघींतल्या एकीनं मारल्या. खिडकीमागच्या बाईंनी शेवटी स्वतः उठून जुनं रजिस्टर काढलं आणि २००६ सालचं पान शोधलं. त्यांना चहा पाजायला हवा होता, राहून गेलं.

कागद स्कॅन करून पाठवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पाच मिनिटांत फोन वाजला. उचलला तर तिकडून आवाज येईना. मग मेसेज आला : ‘मिळालं सर. बास.’